आत आणि बाहेर

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तीर्थरूप आईंना,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मावशींची खोकल्याची तक्रार थांबली का?

हे असे आडदिवशी, न कळवता दारात उभे राहिले म्हणून तुमच्या काळजात धस्स झालं असेल. म्हणून आधी एवढं वाचा: घरातले सगळे जिवंत आहेत. मुलं शाळेत गेली आहेत. ह्यांना काही विचारू नका. त्यांची धड झोप झालेली नाही आणि हे सगळं त्यांच्यानं सांगून होणार नाही, म्हणून मीच पत्र लिहून त्यांच्या खिशात घातलं. त्यांना चहा द्या आणि तुम्ही चष्मा लावून, खिडकीपाशी बसून हे शेवटपर्यंत वाचा. फोनवर सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. पण एक नाव निघालं की तुम्ही फोन ठेवता.

सुरुवात माझ्या कामापासून करते. तुम्हाला वाटेल, ही कुठे भरकटली. पण दुसरीकडून मला येताच येत नाही.

मी एका सर्व्हिस कंपनीच्या ऑफिसात आहे, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. कशाची सर्व्हिस, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. लिफ्टची. पत्र खाली ठेवू नका, आई. पुढे वाचा.

मेकॅनिक लोक शहरभर पांगलेले असतात. कोण कुठे गेलाय, कुणाला सुट्टी हवी, कुठल्या बिल्डिंगची तक्रार कुणी घेतली, हे विचारणं माझं काम. सकाळी बसल्यापासून तेच प्रश्न टाइप करायचे, तीच उत्तरं दुसरीकडे उतरवायची. संध्याकाळपर्यंत बोटंही बधिर आणि डोकंही. मग कळलं, की ज्या चॅट अ‍ॅपवर आम्ही सगळे बोलतो, त्यातच ही कामं आपोआप करून घ्यायची सोय आहे. कोडिंग येत नसलं तरी चालतं. एका चौकटीत सांगायचं ‘असं झालं की’, पुढच्या चौकटीत सांगायचं ‘हे कर’. झालं. घरात रिमोटच्या बॅटऱ्या उलट्या घालणारी बाई मी, पण हे मला जमलं.

आधी सकाळचा प्रश्न लावला. ‘आज कुठे?’ असं सगळ्यांना आपोआप जायचं आणि उत्तरं एका तक्त्यात येऊन बसायची. मग सुट्टीचे अर्ज. मग तक्रारी: कुठल्या बिल्डिंगची, तिथे फोन कुणाला करायचा, सगळं एका जागी आणि थेट त्या भागातल्या मेकॅनिकला. पोरांनी त्याचं नाव ‘कोंबडा’ ठेवलं, सकाळी उठवतो म्हणून. साहेब खूश. मीही हवेत.

एक दिवस आमची एक मेकॅनिक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “वहिनी, तुझा कोंबडा सगळ्यांची हजेरी घेतो. पण माणूस लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरला आणि परत आलाच नाही, तर कुणाला कळणार? घरच्यांना, दिवेलागणीला?”

हे तिला का सुचलं, ते तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही. मामंजी गेले त्या दुपारी ते लिफ्टखाली पडून आहेत, याचा कुणाला पत्ताच नव्हता. तुम्ही जेवायला थांबला होतात.

आई, ती ठमी आहे. तुमची ठमी. ती आमच्याच कंपनीत आहे.

तुम्ही तिला म्हणालात, “ज्या कामानं तुझ्या बापाला गिळलं तेच करणार असशील, तर मला मुलगी नाही.” ती गेली. तुमचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण ती ते काम सोडणार नव्हती. मग कुठे तरी परक्या ठिकाणी करण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर करू दे, असं मला वाटलं आणि मी साहेबांकडे शब्द टाकला. ह्यांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. ते असं फुटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

ठमीचं ऐकून मी आणखी एक चौकट बसवली. शाफ्टमध्ये उतरण्याआधी फोनवर ‘आत’ दाबायचं, वर आलं की ‘बाहेर’. ठरलेल्या वेळेत ‘बाहेर’ आलं नाही, तर अ‍ॅप त्याला विचारणार, ‘ठीक आहेस का?’ तरी उत्तर नाही, तर मला, साहेबांना आणि सगळ्या ग्रुपला इशारा.

कल्पना चांगली होती, पण माणसं ती माणसंच. काम संपवायचे, हात पुसायचे, चहाला जायचे आणि ‘बाहेर’ दाबायला विसरायचे. रोज इशारे. मी घाबरून फोन करायची, तर पलीकडून कपबशीचा आवाज. ग्रुपवर थट्टा सुरू झाली, “वहिनींचा कोंबडा भरदुपारी आरवला.” पुढे पुढे इशारा आला तरी कुणी बघेना. खरं सांगते, मीही आधी हातातलं काम संपवून मग फोन करायला लागले होते.

परवा, मंगळवारी, साहेब माझ्या टेबलाशी आले. “तेवढा इशारा बंद करून टाका,” म्हणाले. “मीटिंगमध्ये फोन सारखा वाजतो. बाकीचं सगळं उत्तम आहे.”

मी हो म्हणाले, आई. वाद घातला नाही. मलाही कंटाळा आला होता. जेवणानंतर ते पान उघडलं. बंद करायला एक बटण असतं, त्यावर बाण नेला. साहेब शेजारी उभे होते. तेवढ्यात कोपऱ्यात इशारा आला. ठमीचं नाव.

साहेब हसले. “बघा. जिनं सुचवलं तीच विसरली.”

मीही हसले. मग आठवलं, की ठमी आजवर एकदाही विसरलेली नाही. तिच्या नावाचा इशारा मी पहिल्यांदाच बघत होते.

टेबलावरच्या फोनवरून तिला लावला. वाजतोय, उचलत नाही. “शाफ्टमध्ये रेंज कुठे असते?” साहेब म्हणाले. पण रेंज नसती तर वाजला नसता. तो तसाच वाजत ठेवला आणि तक्त्यातून त्या बिल्डिंगच्या वॉचमनचा नंबर काढून मोबाइलवरून त्याला लावला.

“आमची मेकॅनिक कुठे आहे?”

“इथेच होती. चहाला गेली असेल, मॅडम. तिची पिशवी आहे लिफ्टपाशी.” मग म्हणाला, “पिशवीत फोन वाजतोय.”

“आणि लिफ्ट?”

“लिफ्ट चालू आहे की. आत्ताच दोघं वर गेले.”

आई, मामंजींच्या तोंडून तुम्ही हे सगळं ऐकलेलं आहे, तुम्हाला समजवायला नको. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यातलं लाल बटण बिघडलं होतं. ते दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही. तेच बदलायला ती खड्ड्यात उतरली होती. म्हणून गच्चीवरच्या खोलीतला मेन स्विच बंद करून तिनं त्यावर पाटी लावली होती. बिल्डिंगच्या सेक्रेटरीला लोकांनी भंडावलं, त्यानं वर जाऊन पाटी बाजूला केली आणि स्विच चालू केला. खाली माणूस असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की पिशवी आहे, फोन आहे, लिफ्ट चालू आहे आणि ठमी नाही.

“मेन स्विच बंद करा. आत्ता.”

“सेक्रेटरी साहेबांना विचारायला लागेल...”

“विचारू नका! खाली माणूस आहे!”

“मॅडम, गच्चीपर्यंत जिना चढेपर्यंत...”

ते खरं होतं. तेवढ्या वेळात लिफ्ट किती वेळा खालीवर झाली असती! साहेबांनी माझ्या हातातला फोन घेतला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठाम होता. “लिफ्ट खाली बोलवा. दार उघडलं की मध्ये काहीतरी अडकवा. दार उघडं राहिलं की ती हलणार नाही.”

फोन स्पीकरवर होता. वॉचमन आकडे सांगत होता. “पाचवर आहे... चार... तीनवर थांबली, कोणीतरी शिरत असेल... आता... अहो, परत वर चालली.” मी टेबलाची कड धरून उभी होते. लिफ्ट वर जाते तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाचं, मागचं वजन खाली येतं, हे मला त्या ऑफिसात बसून चांगलं ठाऊक झालं होतं. ते तिच्यावर येऊ नये म्हणून मी कुणाकुणाची आळवणी केली, ते विचारू नका.

“आली. खाली आली.” दार उघडल्याचा आवाज, मग काहीतरी सरकवल्याचा. “खुर्ची घातली, मॅडम.” मग हळू आवाजात म्हणाला, “खालून कोणीतरी हाका मारतंय.”

मी गाडी करून पोचले तोवर आमचे जुने मिस्त्री पोचले होते. मेन बंद करून त्यांनी हातानं लिफ्ट वर घेतली. लिफ्टसाठी खोळंबलेला एक माणूस मीटिंगला उशीर होतोय म्हणून तणतणत होता. खाली बघितल्यावर बाजूला झाला.

ठमी खड्ड्याच्या कोपऱ्यात पालथी, जमिनीला चिकटून पडली होती. पहिल्यांदा लिफ्ट वर गेली तेव्हा वजन खाली आलं आणि उजवा पाय त्यात सापडला. तशाच पायानं ती कोपऱ्यात सरपटली. त्यानंतर लिफ्ट खाली आली, की तिच्या पाठीच्या जेमतेम वर थांबायची. सुरुवातीला शेजारच्या घरात ड्रिल चालू होतं, तेव्हाच्या तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मला बघून ती म्हणाली, “फोन वाजायचा थांबेना, तेव्हा वाटलं, आता कोणीतरी येतंय.” बस्स, एवढंच. रडली नाही. रडले मी.

पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आहे. काल ऑपरेशन झालं, आत सळई घातली. पाय वाचला. आज सकाळी डॉक्टरांनी अंगठा हलवायला सांगितला आणि तो हलला. महिने लागतील, पण चालेल म्हणाले. पुन्हा शाफ्टमध्ये उतरेल का, ते त्यांनी सांगितलं नाही. तिला विचारायची मला भीती वाटते, कारण ती हो म्हणेल.

साहेब हॉस्पिटलात आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. जाताना म्हणाले, “ते बंद करायचं नाही.” आता सगळे ‘आत’ आणि ‘बाहेर’ न चुकता दाबतात. थट्टा कोणी करत नाही. मी मात्र ते पान उघडलं की त्या बटणाकडे बघत बसते. इशारा थोडा उशिरा आला असता तर मी ते दाबलेलं असतं. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

मी कंपनी लपवली म्हणून माझ्यावर रागवा, तुमचा हक्क आहे. समोर येऊन रागवा.

दाखल करताना तिला विचारलं, जवळचं कोण? म्हणाली, “आई आहे. पण तिला कळवू नका. तिला हे दुसऱ्यांदा ऐकायला लागू नये.” आई, हा तिचा हट्ट नाही. तिला तुमची काळजी आहे. त्या दुपारी तुम्ही ताट वाढून बसला होतात, ते ती विसरलेली नाही.

मी तिचं ऐकलं नाही आणि कळवलं. ह्यांना गाडी वळवून उभी करायला सांगितली आहे. शाल बरोबर घ्या, तिथे गारठा असतो. मावशींना म्हणावं, गोळ्यांची पिशवी भरून द्या.

हॉस्पिटलात पेशंटजवळ मुक्कामाला एकालाच राहू देतात, नाव आधी सांगावं लागतं. आज माझं सांगितलं आहे. उद्याचं कुणाचं, असं नर्सनं विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

तुमची वाट बघत,
तुमची सून