गोठा एक, सोयरीक नाही

सर,

मागच्या आठवड्यात मी बजाजनगरच्या पलीकडच्या त्या गोठ्यात पुन्हा जाऊन आलो. डास अजूनही भिंतीवर तसेच बसतात, मागचा भाग उंच करून. गोठेवाल्याने माझ्या हातातली डास ओढायची काचेची नळी ओळखली. "साहेब, मॅडम नाय आल्या व्हय?" त्याने विचारले. "नाही," एवढेच मी म्हणालो. माझी पत्नी, तुमची विद्यार्थिनी, गेल्या वर्षी वारली. तुम्हाला जाऊन तर किती काळ लोटला.

तुमची प्रयोगशाळा मला आजही दिसते. मी भिंगाखाली डासाच्या मिशा न्याहाळत बसलो आहे आणि तुम्ही मागे उभे आहात. "मिशा बघून काय कळतंय? पोटातलं बघा की!" बाहेरून तंतोतंत सारखे दिसणारे दोन डास, त्यांतला एक हिवताप पसरवतो, दुसरा बहुधा नाही. भेद दिसतो तो रक्त अर्धे पचून पोट अर्धे लाल, अर्धे पांढरे झालेल्या मादीच्या अंडाशयात, तिथल्या जाड गुणसूत्रांवरच्या आडव्या पट्ट्यांत. एकीत पट्ट्यांचा एक तुकडा सुलट, दुसरीत तोच उलट. अंडाशय काढण्याचे काम माझे. रंग चढल्यावर गुणसूत्रे पसरावीत म्हणून वरची काच अंगठ्याने दाबण्याचे माझ्या पत्नीचे. माझ्या अंगठ्याखाली काच सरकायची, म्हणून तुम्हीच ती वाटणी करून दिली होती.

त्या गोठ्यात दोन्ही प्रकारच्या पट्ट्या सापडल्या आणि तुमचा तिच्याशी वाद पेटला. तुमचे मत, जात एकच. दोहोंचा संकर होत असेल, तर संकरित मादीत सुलट आणि उलट तुकडे एकमेकांशी जुळताना गुणसूत्राला कुठेतरी वेटोळे पडलेच पाहिजे.

"वेटोळं सापडलं तर इमरती तुमच्याकडून, नाहीतर माझ्याकडून," तुम्ही तिला म्हणालात.

"नाही सापडणार, सर. गोठा एक आहे, पण सोयरीक नाही."

"मग तर शोधा आणखी!"

शोधता शोधता तुम्ही गेलात, आम्ही नोकरी-संसाराला लागलो आणि प्रश्न तसाच राहिला. जेवताना ती मधूनच म्हणायची, "अहो, सरांकडे माझी इमरती राहिली आहे."

आता हा निवाडा जनुकांवरून चटकन होतो, असे वाचतो. मला मात्र तो पट्ट्यांवरूनच हवा आहे. काल उस्मानपुऱ्यातल्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मी स्वतः काच दाबली. सरकली. दुसरीही सरकली. मग आठवले की ती श्वास रोखून नव्हे, हळूहळू सोडत दाबायची. तसे केले आणि पट्ट्या लख्ख उमटल्या. तुकडा उलट आहे, वेटोळे नाही. एका काचेने काही सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधीच मी म्हणतो. उद्या पुन्हा गोठ्यात जाईन.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक सांगतो. पाहण्याआधी काय दिसावे हे मनात धरायचे नाही, असा तुमचा नियम होता. सर, मला वेटोळे दिसायला नको आहे.