उजवी टाच

११ एप्रिल २०१६
शाळा सकाळची. करमाडहून शिकवून परत येताना हाडांच्या डॉक्टरांकडं गेले. उजवा तळवा वर्षभर ठणकतोय म्हणून. तळव्याला हातच लावला नाही त्यांनी. गुडघा वाकवून पाऊल वर उचललं, आलं. गुडघा सरळ करून उचललं, अडलं. म्हणाले, हाड चांगलं आहे, पोटरीचा स्नायू आखूड आहे. छेद देऊन सैल करता येतो.
छत्तीस वर्षांची झाले, चालायला लागल्यापासून उजव्या चवड्यावर. आणि दोष पोटरीत.
लहानपणी दाखवलं नव्हतं का, त्यांनी विचारलं. दाखवलं होतं की. सहा वर्षांची असताना अण्णांनीच, माझ्या वडिलांनी, इथं आणलं होतं आमच्या सोयगावहून. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, इलाज नाही. आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे हे.
डॉक्टरांनी परत एकदा पाऊल उचलून बघितलं.

१२ एप्रिल
टँकर सहाव्या दिवशी. समोरच्या नव्या सात मजल्यांना रोज पाणी मारतात, इथं आम्ही हंडे घेऊन... चवडा घसरला, निम्मा हंडा सांडला. शेजारणीनं तिच्या हंड्यातलं पाणी माझ्या हंड्यात ओतलं. त्याचंच जास्त लागलं. ह्यांना म्हटलं, करून टाकू. सुट्टी लागली की.

२४ एप्रिल
अण्णांना फोन. वाटलं खूश होतील.  म्हणाले, चालतंय की तुझं, कशाला कापाकापी. आवाज वेगळाच.

३ मे
दवाखान्यात. उद्या सकाळी ऑपरेशन.
अण्णा न सांगता आले, पहिल्या यष्टीनं. ह्यांना चहाला पाठवलं. खाटेजवळ बसले, खाली बघत.
"डॉक्टर नाय म्हणला नव्हता, बाई. व्हईल म्हणला होता. तारीख दिली होती. मीच तुला घेऊन पळालो."
ऐकू आलं, पण कळेना. परत सांगायला लावलं.
आत्या, त्यांची धाकटी बहीण, मी जन्मायच्या आधी गेली एवढंच माहीत होतं. पोटाचं साधं ऑपरेशन, भुलीतून उठलीच नाही. तिला दवाखान्यात नेलं होतं अण्णांनीच. मला वॉर्डातल्या बाईनं हिरवा झगा चढवला आणि त्यांना तीच दिसली. झग्यासकट उचलून बसस्टँड गाठलं. घरी सांगितलं, इलाज नाही. आईलासुद्धा. आई तेच खरं धरून गेली.
तीस वर्षं. शाळेत पोरी 'टाचणी' म्हणायच्या. लग्नाला तीन घरांतून नकार, पायावरून. आणि तारीख दिलेली होती.
"बाहेर जा," मी म्हणाले. बापाला.

४ मे
झालं. कमरेत सुई, खालचं अंग बधिर. जागीच होते. पडद्यापलीकडं काही दिसत नव्हतं, भिंतीवरचं घड्याळ तेवढं. अर्धा तास.
अर्ध्या तासाचं काम होतं.
हे म्हणाले, अण्णा कालपासून इथंच. सकाळभर जिन्यात उभे, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मला बाहेर आणल्यावर लांबूनच बघितलं अन् गेले.

१५ जून
प्लास्टर निघालं. पोटरी वाळलेली, कुणा दुसरीचीच वाटते. फिजिओच्या मॅडमनी दोन्ही हात धरून उभं केलं. टाच खाली सोडा म्हणाल्या. भ्याले. सोडली.
टेकली. सगळी. फरशी गार. चटका बसल्यासारखा पाय वर घेतला, मग परत ठेवला.
रडू येईल वाटलं होतं. राग आला. मॅडम विचारताहेत, दुखतंय का. नाही म्हटलं.

१९ जून
भिंतीला हात लावून व्यायाम, दिवसातून तीनदा. मध्येच हे म्हणाले, अण्णांचा रोज फोन येतो, ह्यांच्या मोबाईलवर. रोज एकच विचारतात, टाच टेकती का. तुम्ही काय सांगता, म्हटलं. तर म्हणे, तिलाच विचारा म्हणतो.
मला एकदाही नाही केला. मी तरी कुठं...
अण्णा तेव्हा असतील तिशीचे. माझ्यापेक्षा लहान. हे आजच सुचलं, आणि सुचायला नको होतं.

२३ जून
दुपारी मीच फोन लावला. अण्णांनी उचलला.  म्हटलं, टेकती.
 अण्णांनी विचारलं,
"येऊ का बघायला?"
सांगते, मी म्हणाले.
या म्हणेन की नको, मलाच ठाऊक नाही.