घागरीवरचा शिक्का

गुरुजी, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही भाज्या का हलवत होतात ते मला या वर्षी कळलं, आणि कळायला एक निवडणूक बिघडावी लागली.

निवडणूक आली की तुम्ही गल्लीतल्या म्हाताऱ्यांना घरी बोलवायचात. काकू चूल आवरून बाजूला व्हायच्या. सारवलेल्या जमिनीवर तुम्ही वांगं, कांदा, मिरची, गिलकं ओळीने मांडायचात आणि एकेकाच्या हातात बाटलीचं बूच देऊन म्हणायचात, "आज जे खावंसं वाटतं, त्याच्यावर टेकवा." पुढचा माणूस बसायच्या आत तुम्ही ओळ मोडून टाकायचात. मी तेव्हा सातवीत होतो. एकदा मी त्या भाज्या पुन्हा पहिल्यासारख्या नीट लावल्या, तर तुम्ही माझा हात धरलात. "तुला सगळं जागच्या जागी लागतं. त्यांना शोधू दे." मला ते लागलं. नीट लावण्यात काय चूक, हे मला तेव्हा कळलं नाही.

सातवीनंतर शाळा सुटली. मी पाट्या रंगवतो. शिंदखेड्याच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांवर माझं अक्षर आहे आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक कोणी दाखवावी. या वर्षी आमच्या वॉर्डात ग्रामपंचायतीच्या एका जागेची पोटनिवडणूक लागली, तेव्हा म्हातारी माणसं आपणहून माझ्याकडे आली. तुमच्यानंतर त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी भाज्या मांडल्या नाहीत. जाड कागदावर पट्टीने चार चौकोन आखले आणि निवडणुकीत नसलेली चित्रं काढली : बैल, घागर, झाड, पणती. खोडरबरातून शिक्का कोरला. चिठ्ठी कुठे दाखवायची, शाई कोणत्या बोटाला लावतात, शिक्क्याची शाई दुसरीकडे उमटू नये म्हणून आधी उभी घडी मग आडवी, सगळं शिकवलं. पण चित्रं काढायला मला दोन दिवस लागले होते. ती खराब व्हायला नकोत, म्हणून मी प्रत्येकाला घागरीवरच शिक्का मारायला लावला. वरून दुसरा चौकोन. तेवीस माणसं, एकच घागर. शेवटी ती काळी ठिक्कर पडली आणि बैल, झाड, पणती स्वच्छ राहिली. मला त्याचं समाधान वाटलं.

मतदानाच्या दुपारी मी शाळेसमोरच्या निंबाखाली उभा आहे. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी अक्का बोटावरची शाई पदराला लागू न देता, हात वर धरून बाहेर येते. तिला कपबशीला मत द्यायचं होतं, हे गल्लीला ठाऊक होतं. कपबशी म्हणजे आमच्या गल्लीतली ती विधवा बाई, जी म्हाताऱ्यांच्या पगाराचे, म्हणजे निराधार पेन्शनचे, कागद घेऊन त्यांच्याबरोबर तहसिलीत जाते, साहेबाशी भांडते.

"जमलं का, अक्का?"

"न जमाले काय व्हयनं? तू दखाडेल जागावरच मारा. वरतून दुसरा."

"पण कपबशी दखी ना?"

"दखानं काय काम, भो? चष्मा घरमा राही गया. जागा पाठ शे माले."

चित्र न बघताच तिने शिक्का मारला होता. मागून आबा आले, तेही माझ्याकडे शिकलेले, काठी टेकत. मी त्यांनाही विचारलं. त्यांनीही दोन बोटं दाखवली. माझा चेहरा बघून हसायला लागले. "हाऊ पेंटर शे, अक्का. भीत बी रंगाडस नि आम्हले बी रंगाडस." अक्काही हसली. मला हसता आलं नाही. खऱ्या मतपत्रिकेवर वरून दुसरी छत्री होती. कपबशी तिसरी.

छत्री नऊ मतांनी निवडून आली. तेवीसपैकी किती जणांचे शिक्के चुकले, ते मी मोजायला गेलो नाही. पंधरा दिवसांनी कपबशीवाली बाई घराला कुलूप लावून धुळ्याला मुलाकडे निघून गेली. जाताना म्हणाली म्हणे, "ज्यांच्यासाठी मी पळाले, त्यांनीच पाडलं." परवा अक्का पगाराचा कागद घेऊन माझ्या दुकानात आली. तिच्याबरोबर तहसिलीत जायला कोणी नाही. कागद माझ्यासमोर ठेवून तिने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "आम्हीन बठ्ठास्नी तिलेच मत दिधं ना भो, मंग ती पडनी कशी?" मी ब्रश धुवत राहिलो. "उद्या मी तुझ्याबरोबर येतो, अक्का," एवढंच बोललो. ती आशीर्वाद देऊन गेली. तो घेताना मला कसं वाटलं, हे सांगायला तुमच्याशिवाय माणूस नाही.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, तू मुद्दाम केलं नाहीस. म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो होतो, कोणीतरी तसं म्हणावं म्हणून. पण उमेदवारांची यादी, मतपत्रिकेवरच्याच क्रमाने, पंचायतीच्या फळ्यावर मीच लिहिली, गुरुजी. मतदानाच्या तीन दिवस आधी. दुसऱ्या ओळीत छत्री लिहिताना मला घागर आठवली होती. त्या रात्रीतून मी नवा कागद काढू शकलो असतो, नाही तर घरोघर जाऊन नुसतं सांगू शकलो असतो. छत्रीवाला मला 'आर्टिस्ट' म्हणतो. गावात तसं दुसरं कोणी म्हणत नाही. मी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि घरी जाऊन जेवलो.