विमलबाईंचं ‘येते’

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

केली एकदाची सही! तिसगावच्या दूध संकलन केंद्रावरच्या विमलबाई उद्यापासून कामावरून कमी. बायकांनी सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना मोबाईलवर दोन शब्द बोलायचे. हजेरी ते नवं एआय लावतं, शेराही तेच मारतं. विमलबाईंच्या नावापुढे महिनाभर लाल — ‘सायंकाळी कामावर नाहीत, अजून वाटेत.’

आमचे मॅनेजर महेंद्र सर म्हणाले, "मशीन कुणाच्या नात्यातलं नाही." खरंय. मला काय करायचंय?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

विमलबाईंचा फोन. "मॅडम, मी कवाच उशिरा गेले न्हाई. गावात समदी म्हनत्यात, बाई काम चुकवीत हुती. माझं काय चुकलं तेवढं सांगा."

मी म्हणाले, सिस्टीममध्ये तसं दिसतंय. त्यांनी फोन ठेवला. जेवण गेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसातून निघताना सवयीनं शेजारच्या रुपालीला म्हणाले, "येते गं." आणि जिन्यातच थांबले.

परत वर गेले. सिस्टीममध्ये साठवलेले विमलबाईंचे आवाज पहिल्यांदाच ऐकले. सकाळी — "आले बरं का." संध्याकाळी, मागे कॅन धुतल्याचा खणखणाट — "येते मी." रोज! बाकीच्या पोरी ‘सुटले’ म्हणतात, नाहीतर ‘बाय’. ही जुन्या वळणाची बाई, ‘जाते’ कशी म्हणेल? आणि त्या दीडशहाण्यानं लिहून घेतलं, बाई अजून वाटेत आहे!

त्याला कुणी शिकवलं नसेल. मला तर आईनं धपाटा घालून शिकवलंय. एकदा ऐकलं असतं तर? नुसतं बटण दाबायचं होतं. लाज वाटते स्वतःची.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

महेंद्र सरांशी भांडले. आधी ते हसले. मग, "एवढ्यातेवढ्यासाठी वर गेलेला रिपोर्ट फिरवायचा?"

"सर, सकाळी घरातून निघताना तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी विमलबाईंची फाईल मागवली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जमलं! ऑर्डर रद्द. सोमवारी केंद्राची किल्ली जमा करायला त्या इथे शेवगावच्या ऑफिसात येणारच आहेत, समोरासमोरच सांगते. आज भूक लागली.

सोमवार, १० नोव्हेंबर

विमलबाई आल्या. सगळं सांगितलं, हात जोडले, उद्यापासून या म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आन् गावाला कोन सांगनार?" एवढंच विचारलं. मी चहाचा कप पुढे सरकवला. त्यांनी चहा संपवला, किल्ली टेबलावर ठेवली, उठल्या.

"जाते मी."

"अहो, जाते काय? येते म्हणावं!" तोंडातून निघूनच गेलं.

दारात वळल्या. "परत यायचं आसल तर म्हनत्यात, मॅडम."