खेळात नसलेला आवाज

३ फेब्रुवारी

पडदे ओढले, हेडफोन चढवला आणि संगणकावर खेळ सुरू केला. भरदुपारी! तरी पहिल्याच खोलीत तळहाताला घाम. संपादकबाईंना किती सांगितलं होतं, भुताखेताचं मला देऊ नका म्हणून. "तू घाबरतेस म्हणूनच देतेय. न घाबरणारा काय डोंबल परीक्षण लिहिणार?"

गोष्ट बरी आहे. एक गुप्तहेर बाई. मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावला की त्या वस्तूनं शेवटचं जे ऐकलं, ते हिला ऐकू येतं. कप, चप्पल, दाराची कडी. त्यावरून खुनी शोधायचा. पण आवाज असे बेमालूम, की मान वळवून मागे पाहावंच लागतं.

५ फेब्रुवारी

गुण लिहायला घेतले. आवाज, आवाज आणि आवाज! आज खेळातल्या शिवणयंत्राला हात लावला, तर डोक्यावर, अगदी छतात, काहीतरी जड फरफटत गेलं. मग बाईचा दबका सूर — "नको, नको ना." हेडफोन फेकलाच. आई दारात. "काय गं, भूत पाहिलंस का?"

"ऐकलं," म्हटलं.

दोष — खुनी दिसताक्षणी कळतो. जाड भुवया, तिरका ओठ, घोगरा आवाज. आणि भुतं समोर आली की भीतीच पळते. ओल्या चादरीसारखी लोंबकळत येतात बिचारी.

६ फेब्रुवारी

तो प्रसंग पुन्हा खेळले. आवाज आलाच नाही. म्हणजे दर वेळी वेगळं ऐकवतात! केवढी कल्पकता! गुणांत टाकलं.

८ फेब्रुवारी

दाढीवाल्या मित्राला फोन केला. तोही दुसऱ्या मासिकासाठी हाच खेळ खेळतोय. म्हणतो, "शिवणयंत्रात पाऊस आहे आणि कात्री आहे. बाई कुठून काढलीस?" मी म्हटलं, नीट ऐक. "अगं, ज्यानं ते आवाज केलेत त्याच्याशीच बोललोय मी. नाही म्हणजे नाही. झपाटलंय तुला!" खो खो हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर ते हसू तोंडावर तसंच थिजून राहिलं.

९ फेब्रुवारी

खेळ लावलाच नाही. नुसती बसून राहिले, कानात प्राण आणून.

आलं. फरफट. धप्प. "नको ना."

छतातून नाही. छताच्या वरून. वरच्या घरातून.

भूत असतं तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

वरचा जिन्यात भेटला. नवरा-बायको नुकतेच राहायला आलेत. हा दातांचा डॉक्टर. नीटनेटका, हसरा, आईच्या हातातली पिशवी न सांगता उचलणारा. "आमचा काही त्रास नाही ना होत तुम्हाला?"

"छे हो!" — जीभ झडली कशी नाही माझी! घरात आल्यावर आठवलं — याच्या भुवया किती साध्या आहेत.

११ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "नवरा-बायकोचं काहीतरी असतं. आपण मध्ये पडू नये." मान वर केली नाही. हात मात्र थांबले होते.

१३ फेब्रुवारी

शेवटी वर गेले. बाथरूममध्ये पाणी झिरपतंय असं सांगायचं ठरवून. दार वरचीनं उघडलं. वयानं माझ्यापेक्षा लहान. ओठाचा कोपरा सुजलेला, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. मी पाण्याचं सुरू केलं तर पुटपुटली, "जा तुम्ही. ते घरी आहेत."

आतून, "कोण आहे गं?" किती गोड आवाज!

"खालच्या ताई. पाणी झिरपतंय म्हणतात."

तिनं मला वाचवलं! वाचवायला कोण गेलं होतं?

१४ फेब्रुवारी

पोलिसांना फोन केला. नाव सांगितलं नाही. ते आले. जिन्यातून वरचीचा आवाज ऐकला — "पाय घसरून पडले हो, मीच." गेले.

मग वर शांतता. ही शांतता कुठल्या खेळात कुणाला जमणार नाही.

१५ फेब्रुवारी

बाहेरून आले तर वरचा आमच्या सोफ्यावर! चहा पीत! आई समोर बसलेली.

"ताई, सारखा हेडफोन लावू नका. कान वाजायला लागतात. नसलेलं ऐकू येतं." हसला. कप बशीत ठेवला — अलगद, जराही आवाज न करता.

त्याला कळलंय.

तो गेल्यावर दाराची कडी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. आईनं त्याचा कप धुतला नाही, कचऱ्यात टाकला.

१७ फेब्रुवारी

परीक्षण पाठवलं. शेवटचा दोष असा लिहिला — या खेळात उशीर होतच नाही. सगळे आधीच मेलेले. चुकीच्या माणसावर आळ घेतला तर खेळ प्रेमानं म्हणतो, पुन्हा विचार करा. करा की, कितीही वेळ! वाचवायचं कुणालाच नाही, म्हणून खरी भीतीही नाही.

बाईंचा फोन. "शेवटचा परिच्छेद कुठून सुचला गं?"

"वरून," म्हटलं. त्यांना विनोद वाटला.

१८ फेब्रुवारी



सकाळी वर पुन्हा सुरू झालं. या वेळी "नको" नाही, नुसती किंकाळी. मी फोन घेऊन उभी, बोटं चालेनात. आई उठली. गुडघे धरत जिना चढली आणि त्यांच्या दारावर दोन्ही हातांनी दणके घालायला लागली. "उघड! उघड म्हणते ना!" सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. लोक बाहेर आले. त्याला दार उघडावंच लागलं. आईनं वरचीला दंडाला धरून बाहेर ओढलं, खाली आणलं, आत घेतलं आणि कडी घातली.

तो बाहेर उभा राहून गोड आवाजात हाका मारत होता. "अहो आई, गैरसमज होतोय तुमचा." मी पोलिसांना फोन लावला. माझं नाव सांगितलं. पत्ताही. वरची जमिनीवर बसली होती. पोलीस आले. या वेळी तिनं स्वतःच बाह्या वर केल्या आणि त्यांना दाखवलं.

१९ फेब्रुवारी

वरचीचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

आईला विचारलं, काल एवढं बळ कुठून आणलंस?

"तुझे बाबा मला मारायचे, तेव्हा खालचे लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे."

मी त्याच घरात लहानाची मोठी झाले. मला एकदाही ऐकू आलं नव्हतं.