दादाच्या अकरा कॅसेटी

बाबा, पंधरा दिवस झाले, रोज सकाळी देवपूजा उरकली की मी कानाला हेडफोन लावून इंग्रजी गाणी ऐकतोय. दादाच्या त्या अकरा कॅसेटी तुम्हाला आठवत असतील. त्या केव्हाच गेल्या, पण तीच गाणी आता मोबाइलवर मिळतात. दादाच्या मुलीने मला ओळीने लावून दिली. दादाची अट एकच, मधलं गाणं सोडायचं नाही, भजनाचा क्रम आपण मोडत नाही तसं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं.

दादाला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून त्याने मला ऐकायला बसवलंय. अंबरनाथच्या कारखान्यात प्रेस मशीनजवळ त्याचा जन्म गेला. कानात यंत्र आहे, त्यातून माणसाचं बोलणं कळतं, पण गाणं पत्रा बडवल्यासारखं येतं म्हणतो. मागच्या रविवारी बेलवलीहून माझ्याकडे जेवायला आला होता. पाटावर बसता बसता म्हणाला, "काय महाराज, ऐकताय की नुसता टाळ कुटताय?"

"ऐकतोय. डोकं दुखतं."

"दुखू दे. आमचं तर दुकानच बंद झालं." हसला. मग भाकरी मोडताना एकदम हळू झाला. "सगळं ऐकून झालं की मला एक सांग. बाबांना त्यात नेमकं काय खुपलं? मला आजवर कळलं नाही रे."

मी त्याच्या ताटात आमटी वाढत राहिलो.

चामटोलीचं घर, एकादशी. संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन आहे आणि तुम्ही ओटीवर पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावताय. आत दादाचा टेप मोठ्याने चालू आहे. तो तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायला जायचा आणि तिथल्याच एका दुकानातून जुन्या कॅसेटी आणायचा. तुम्ही मला हाक मारता. मी नववीत, घरात इंग्रजीचं पुस्तक हातात धरलेला मी एकटाच.

"काय बोलतात रं ते? तू शिकलेला, सांग."

मला एक शब्द कळत नव्हता. आमच्या गुरुजींचं इंग्रजी फळ्यावर गुपचूप बसलेलं असायचं, असं किंचाळायचं नाही. पण तुमच्यासमोर कळत नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "देवाला शिव्या देतात, बाबा."

तुम्ही ओरडला नाहीत. कणीक परातीत ठेवलीत, दादाला बाहेर बोलावलंत आणि एवढंच म्हणालात, "ह्या हातांनी पखवाजाला शिवायचं नाही आता." दादा तुमच्याहूनही गोड वाजवायचा, तुम्हीच चारचौघांत सांगायचात. महिन्याभरात तो उल्हासनगरला खोली घेऊन गेला. तुम्ही गेल्यावर घरी भजन ठेवलं, तेव्हा तो सगळ्यांच्या मागे दाराशी बसला होता, हात मांडीखाली दाबून.

आता मी ती गाणी ऐकतो, मोबाइलवर शब्दांचा अर्थ बघतो. सगळंच काही आवडत नाही, बाबा. काही गाण्यांत दारू आहे, बाईबद्दल नको ते आहे, आणि ती गिटार कधी कधी दाढेत कळ गेल्यासारखी वाजते. पण देवाला शिवी कुठेच नाही. एका गाण्यात तर एक माणूस देवाला सारखा विनवतोय, मला घरी पोचव म्हणून. आणि एका ठिकाणी सगळे थांबतात, एकटा ड्रमवाला कितीतरी वेळ वाजवत राहतो. ते ऐकताना मला कळलं, दादा त्या टेपला कान लावून का बसायचा. तो तुमचाच मुलगा होता. वाजवणारा हात ऐकत होता.

पोथी वाचायला बसलो की हल्ली ओळ पुढे सरकत नाही. दादाला वाटतं, बापाला आपण नकोसे झालो. तुम्हालाही जाताना वाटलं असेल की थोरला देवाला विसरला. दोघांच्या मधे माझं एक वाक्य आहे. तुम्हाला हे लिहिता येतंय, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.

काल दादाचा मेसेज आला, "संपलं का?" मी लिहिलं, "अजून तीन राहिल्यात."

बाबा, एकही राहिलेली नाही. मंगळवारीच सगळ्या संपल्या.