चाकाचं मात्र विचारू नकोस

ता. ७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू हूं-हूं करतोस आणि लगेच वहिनीच्या हातात फोन देतोस, म्हणून पत्र. पत्रात तरी तू बोलतोस. बातमी अशी की मी पिकअप घेतली. जुनीच, एका बेकरीवाल्याकडची. दारं-खिडक्या करायच्या आणि त्या पोचवायला दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत फळ्यांवर बसून राहायचं, याचा वीट आला होता. हौद्याला अजून पावाचा वास येतो. रंग कधीकाळी निळा असावा. तुझी भावजय म्हणते, मी घरात एक म्हातारं माणूस आणलंय, आता त्याचं औषधपाणीही मीच बघायचं.

तर तेच करायचं ठरवलंय. ऑइल, फिल्टर, पाणी, बॅटरी, चाकं, जे काय असेल ते स्वतःच्या हातानं. हसू नकोस. बाबांच्या गॅरेजमध्ये वाढूनही मी पाना उलटा धरतो, हे तू चारचौघांत किती वेळा सांगितलंयस ते मी विसरलो नाही. तू गॅरेज सोडून कागदाच्या गोदामात चिठ्ठ्या फाडायला गेलास त्याला एकतीस वर्षं झाली, पण विद्या काही गंजत नाही. सगळं पायरीपायरीनं लिही, एखाद्या मठ्ठ माणसाला सांगावं तसं.

मामांना परवा भेटलो. काठी आहेच, पण तब्येत ठीक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बारक्या

ता. १५ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

एखाद्या मठ्ठ माणसाला, असं तूच लिहिलंस हे बरं झालं, माझा तेवढा संकोच वाचला. गाडी आणलीस, आनंद झाला. आता ऐक. ऑइल काढण्याआधी इंजिन पाच मिनिटं चालव. ऑइल कोमट झालं की सगळी घाण घेऊन खाली येतं. गाडी सपाट जागी हवी. खालचा नट सोडताना शेवटचे दोन आटे बोटानं सोड आणि हात झटकन बाजूला घे, नाहीतर कोपरापर्यंत अंघोळ होईल. होईलच म्हणा, पहिल्यांदा सगळ्यांची होते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर ताजं ऑइल लाव आणि तो हातानंच आवळ. पाना लावून ताकद दाखवायला जाऊ नकोस, पुढच्या वेळी तुलाच रडत बसावं लागेल. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडशील तर चेहरा भाजून घेशील, आणि आहे तोच चेहरा तुझ्या बायकोनं कसाबसा पत्करलाय. बॅटरीच्या टोकांवर पांढरं काही जमलं असेल तर वायरी काढून कोमट पाण्यात सोडा घालून घास.

हे लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वहिनी म्हणाली की मी कागदावर वाकून एकटाच हसत होतो.

चाकाचं मात्र विचारू नकोस. चाकं काढायची वेळ आली की सरळ दुकानात जा. मामांचा पाय कशानं अधू झाला ते तुला ठाऊक आहे. ज्याच्या हातून एकदा नट सैल राहिले, त्यानं दुसऱ्याला चाकाचे धडे देऊ नयेत. यावर पुढच्या पत्रात वाद घालू नकोस.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
दादा

ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अंघोळ झाली. कोपरापर्यंत नाही, बगलेपर्यंत. पण ऑइल बदललं, फिल्टर हातानं आवळला, बॅटरी घासली. गाडीचा आवाज इतका मऊ झालाय की शेजारच्या शिंप्यानं नवी घेतली का म्हणून विचारलं.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन इथपर्यंत येऊन थांबली. तू चाकाचं विचारू नकोस म्हणालास. मला विचारायचं नाही, सांगायचं आहे.

त्या दिवशी मामांच्या गाडीचं पुढचं डावं चाक तू बसवलंस. सगळे नट आवळलेस आणि आपल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक नटावर खडूची रेघ मारलीस. ज्यानं आवळलं त्यानंच रेघ मारायची आणि रेघ दिसली की पुन्हा कुणी हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम. मग तू जेवायला गेलास. मी सोळा वर्षांचा होतो, मला चाकांना हात लावायची बंदी होती. मला नुसतं करून बघायचं होतं. मी तुझे नट सोडले, सगळेच्या सगळे, आणि परत बोटानं फिरवत आणले. आता पाना लावणार तोच बाबांनी मला बाजारातल्या दुकानातून सामान आणायला पिटाळलं. पुसलेल्या रेघा बाबांना दिसल्या असत्या तर मार बसला असता. म्हणून मी खडू घेतला आणि तुझ्यासारख्याच रेघा पुन्हा ओढल्या. परत आल्यावर पाना लावू, असं मनात होतं. परत आलो तेव्हा मामा गाडी घेऊन गेले होते. संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या वळणावर चाक निघालं.

बाबांनी तुला विचारलं तेव्हा मी कपाटामागे उभा होतो. तू म्हणालास, आवळले होते असं वाटतं. बाबा म्हणाले, वाटतं म्हणजे काय. दादा, तुझे नट घट्ट होते. सोडताना मला पान्यावर उभं राहावं लागलं होतं.

बाबा असेपर्यंत भीती वाटली. ते गेल्यावर लाज वाटली. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
बारक्या

ता. १२ फेब्रुवारी

चि. भावोजींस,
आशीर्वाद.

पत्र यांनी वाचलं. वाचून माझ्याकडे दिलं आणि कामावर गेले. तीन दिवस झाले, त्या विषयावर चकार शब्द नाही. म्हणून मीच लिहिते, आणि गोड लिहिणार नाही.

लग्न झाल्यापासून मी बघते आहे. हा माणूस बाहेर पडताना दाराचं कुलूप तीनदा ओढून बघतो. गॅस बंद केला का, हे निम्म्या वाटेवरून परत येऊन बघतो. मुलगी लहान असताना तिला सायकलवर बसवायचे आणि स्वतः सायकल हातात धरून शाळेपर्यंत चालत जायचे. लोक हसायचे. मीही हसले, भांडलेसुद्धा. मला वाटायचं, स्वभाव. त्यांनाही तसंच वाटायचं. आपल्या हाताचा आणि डोक्याचा भरवसा नाही, असं धरूनच हा माणूस जगला.

तुम्ही तेव्हा सोळा वर्षांचे होता, हे मला कळतं. पण नंतर तुम्ही तीस वर्षांचे झालात, चाळिशी उलटली, दर उन्हाळ्यात आमच्याकडे येऊन आमरसापासून सगळं हक्कानं मागून खाल्लंत. तेव्हाही कुलूप ओढताना तुम्ही त्यांना पाहिलं असेलच. आता निदान मामांना सांगा. यांना काही लिहिण्याआधी सांगा.

मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र मिळालं. त्यातला एकही शब्द खोटा नाही. काल मामांकडे जाऊन सगळं सांगितलं.

त्यांनी मला घालवून दिलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी चहा थंड होऊ दिला. मग म्हणाले की थोरला दोन वर्षं दर रविवारी यायचा आणि पाय चोळून द्यायचा. मामा म्हणाले, मी भिंतीकडे तोंड करून पडायचो, दोन वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, आणि एका रविवारी त्यानं येणं थांबवलं तेव्हा मनात म्हटलं, सुटलो. माझ्यावर ते रागावले का, ते मला कळलं नाही. त्यांना तुला भेटायचं आहे. तू म्हणशील त्या दिवशी मी त्यांना तुझ्याकडे घेऊन येतो. रेल्वेनं आणीन, पिकअपनं नाही.

तुला वाटलं तरच उत्तर दे.

तुझा,
बारक्या

ता. १९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीनं लिहिला गेला, पण खोडत नाही.

मामांना आण. त्यांचं मला काही नाही. मी त्यांच्या जागी असतो तर पाय चोळायलाही येऊ दिलं नसतं.

तुझ्याबद्दल काय वाटतं, ते मी महिनाभर शोधतोय. माफ केलं असं लिहून टाकणं सोपं आहे, पण न आवळता खडू ओढण्यातला प्रकार होईल तो. तू सोळा वर्षांचा होतास, हे मी रोज स्वतःला सांगतो. ते पटतं. मग तू चाळीस वर्षांचा असताना माझ्या घरी जेवत बसलेला आठवतोस, आणि ते पटत नाही. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी आपण दोघं होतो. निदान तेव्हा त्यांच्या कानात सांगायचं होतंस. ते मला नालायक समजून गेले, याचं मी काय करू, ते मला कळत नाही.

परवा गोदामातला टेम्पो पंक्चर झाला. ड्रायव्हर एकटा होता. एकतीस वर्षांनी मी पाना हातात घेतला. कसं करायचं ते सगळं आठवत होतं, एक नट इकडचा की एक समोरचा, अगदी बाबांनी शिकवलं तसं. पण बोटं आखडलेली, मनगटात जोर नाही. तिसऱ्या नटाला पाना निसटला. ड्रायव्हरनं अदबीनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, काका, तुम्ही सावलीत बसा, हे येरागबाळ्याचं काम नाही. मी बसलो. त्याला कसं सांगणार? हात चांगले होते रे माझे, बारक्या. फार चांगले होते.

लोभ आहेच. तो नसता तर उत्तराला महिना लागला नसता.

तुझा,
दादा